जिवावर उदार

सुशांतची नोकरी गेली तेव्हापासून टेक्ससमधल्या आमच्या प्लेनोच्या घरातलं जेवणाचं टेबल म्हणजे त्याचं ऑफिस. दिवसभर अर्ज, संध्याकाळी नकार. नवी नोकरी मिळाली नाही तर महिनाअखेर व्हिसा संपणार आणि आम्ही नागपूरला परत. आमच्या लेकीला, सियाला, हे सांगायचं कोणी, यावरून आम्ही नवरा-बायको रोज भांडायचो आणि सांगायचं राहूनच जायचं.

शनिवारी दुपारी तीच शाळेचं प्रोजेक्ट घेऊन आली. टेक्ससच्या इतिहासातला एक शब्द, त्याचा अर्थ, मूळ आणि घरच्या भाषेतला प्रतिशब्द. तिच्या वाट्याला आला होता 'डेस्परॅडो', म्हणजे सरहद्दीवरचे लुटारू.

"बाबा, मराठीत काय म्हणतात?"

"जिवावर उदार," सुशांत मान वर न करता म्हणाला.

"उदार? लाइक कर्ण? सो दे वेअर जेनरस?" रविवारच्या मराठी शाळेची कृपा! तिने लिहूनही टाकलं.

सुशांत हसला, कितीतरी दिवसांनी. मला त्या हसण्याचाही राग आला.

"अगं, जीव गेला तरी पर्वा नाही असा माणूस," मी म्हटलं. "खोड ते."

तिने खोडलं आणि मूळ वाचून दाखवलं. शब्द वाटतो स्पॅनिश, पण आलाय 'डेस्परेट'वरून. आधी त्याचा अर्थ नुसता आशा सुटलेला माणूस, एवढाच होता. लुटारू नंतर.

सिया पेन्सिल चावत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तू आधीवाला आहेस ना?"

"म्हणजे?"

"सॅडवाला. काल तू आईला म्हणालास, व्हिसा संपला तरी राहू, काय होईल ते होईल. आय हर्ड यू. मग आपण नंतरवाले होणार? आउटलॉज?"

काल तो तसं म्हणाला होता खरा. आणि मी नको म्हटलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुशांतने लॅपटॉप मिटला.

"नाही होणार," तो म्हणाला. "तुझं प्रेझेंटेशन कधी आहे?"

"फ्रायडेला."

"सुवर्णा, त्याच्या दुसऱ्या दिवशीची तिकिटं बघ."

सिया रडली नाही. खोडलेल्या जागी पुन्हा लिहायला लागली आणि मधेच थांबली.

"आई, 'जिवावर'ची वेलांटी पहिली की दुसरी?"

"पहिली," मी कसंबसं म्हटलं. आता नागपुरात तिला हे सगळं लागणार होतं.