मास्तर आला होता

बशीच्या कडेला अर्ध्या नखाएवढा टवका उडालेला, आणि त्या टवक्यात एक दाणा अडकून बसलेला… रोज पहाटे बशी धुताना तो नखानं दाणा टोकरून काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरा हजर. आज त्यानं टोकरलं नाही. उकळतं पाणी तसंच वरून ओतलं. वाफ चष्म्यावर आली आणि पांढऱ्या वाफेत पांढरी बशी क्षणभर दिसेनाशी झाली. ताईला असंच दिसत असेल का? की मधोमध नुसता डाग आणि कडेकडेनं तेवढं जग शाबूत, डोळ्यांच्या पुस्तकात लिहिलंय तसं? पुस्तक त्यानं दोनदा वाचलं होतं. ताईला मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

बास झालं. आज चिमण्यांची बशी बाहेर ठेवायची नाही.

गेले आठ दिवस तो रोज पहाटे हेच म्हणत होता आणि रोज सातच्या आत बशी गॅलरीच्या कठड्यावर जाऊन बसत होती, ही गोष्ट वेगळी. पण आजचं म्हणणं निराळं होतं. आज मास्तर मेला होता.

मास्तर म्हणजे एक चिमणा. गळ्याखाली काळा पट्टा, मान ताठ, आणि बाकीच्या चिमण्या दाण्यांवर तुटून पडल्या की हा कठड्यावरून येरझाऱ्या घालणार, परीक्षेच्या दिवशी वर्गातून फिरतात तशा. नाव ताईनं ठेवलं होतं. तेव्हा तिला तो पट्टा दिसत होता, आणि लंगडीचा वाकडा पाय, आणि टकल्याच्या डोक्यावरची उडालेली पिसं. आज उजाडता उजाडता हा गॅलरीत गेला तर मास्तर बशीशेजारीच बसलेला, अंगाचा गोळा करून, एक डोळा सुजून बंद. हात जवळ नेला तरी उडाला नाही. उडाला नाही म्हटल्यावरच कळलं. पाच मिनिटांत मान कलली. जुने हातमोजे चढवून त्यानं कोरफडीची मोठी कुंडी उकरली. त्या कुंडीत आधीच चौघं होते, त्यामुळे जागा शोधावी लागली.

आणि तेवढ्यात आतून, अंथरुणातूनच, ताईचा आवाज — "ढब्बू, मास्तर आला का रे?"

छप्पन्न वर्षांचा, काडीसारखा वाळलेला माणूस, आणि बहिणीच्या तोंडी अजून ढब्बू.

"आला होता," तो म्हणाला. "गेला."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हेच तर त्याला सहन होईना. त्यानं बशी पुसली, कपाटात चादरींच्या मागं सरकवली, आणि ताई तोंड धुवून बाहेर यायच्या आत चोरासारखा दाराबाहेर पडला. म्हणे निश्चय! चादरीमागं दडवतात का कोणी निश्चय?

त्याच्या चष्म्याच्या दुकानापर्यंतचा रस्ता पायाखालचा. चालताना त्याला जनावरांचे डॉक्टर आठवत होते. आठ दिवसांपूर्वी चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवून घ्यायला आले होते, तेव्हा त्यानं सहज म्हणून विचारलं होतं. 'सहज' म्हणे! रात्रभर घोकून ठेवलेला प्रश्न. डॉक्टर म्हणाले, "बंद करा दाणे. निदान दीड महिना. सगळ्या एका बशीत तोंड घालतात, एकीचं दुसरीला लागतं. तुम्ही धुता ते चांगलंच, पण आजारी पाखरू बशीतच बसून राहिलं तर धुवून काय होणार? उपाशी नाही मरायच्या, पसरतील, शोधतील. बशीनं एकत्र आणल्या, तेच वाईट झालंय." एवढं साधं. शेंबड्या पोराला कळेल इतकं. स्क्रू बसला, डॉक्टर गेले, आणि दुसऱ्या दिवशी बशी कठड्यावर.

कारण बशी काढायची तर ताईला कारण सांगायला हवं. कारण सांगायचं तर पाच चिमण्या मेल्या हे सांगायला हवं. मग ताई विचारणार, मला कशा नाही दिसल्या? मी तर दिवसभर तिथंच बसते… आणि मग? मग काय सांगू मी तिला?

दुकान उघडून त्यानं काच घासायचं चाक सुरू केलं, चाकावर पाण्याची धार सोडली. हे काम त्याला आवडायचं. गोल काच चाकाला लावायची, हलक्या हातानं फिरवायची, चौकटीत बसते का बघायचं, पुन्हा लावायची. घाई केली की कड उडते. तेहतीस वर्षांत त्यानं कोणाला चुकीचा नंबर दिला नव्हता, आणि 'चालतंय, घालून टाका' असं कोणाला म्हटलं नव्हतं. लोक त्याला खडूस म्हणायचे. म्हणेनात का.

अकराच्या सुमाराला बसचा एक ड्रायव्हर आला. डोळे चांगले आहेत असा कागद कंपनीला हवा होता. खुर्चीत बसला, एक डोळा झाकून समोरचा तक्ता वाचायला लागला. तीन ओळी घडाघडा, चौथीला अडखळला, पाचवीला अंदाजपंचे. दुसरा डोळा, तीच गत.

"काच बदलून पुन्हा बघू," तो म्हणाला. बघितलं. फरक नाही. "यात माझं काम नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कागदावर सही मी नाही करणार."

"अहो साहेब, दोनच वर्षं राहिलीत. तेवढं निभावून न्या की."

"नाही जमायचं."

"रस्ता मला तोंडपाठ आहे हो!"

"रस्ता पाठ आहे, मान्य. रस्त्यावर मध्येच येणारं पोर पाठ आहे का?"

ड्रायव्हर उठला. रागावला नव्हता, नुसता चेहरा पडला होता. दाराशी थांबून म्हणाला, "तुमच्या घरचं कोणी असतं, तर असंच तोंडावर सांगितलं असतंत?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

चाक चालूच होतं. त्यानं ते बंद केलं, आणि उगाचच जाऊन तक्त्यासमोर उभा राहिला.

तक्त्याला दोन बाजू होत्या. एकीकडे अक्षरं, दुसरीकडे वाचता न येणाऱ्या मुलांसाठी चित्रं. छत्री, चेंडू, होडी, बदक, वरून खाली लहान लहान होत गेलेली. गेल्या महिन्यात कोणाचं तरी पोर तपासून झालं होतं आणि तक्ता परत फिरवायचा राहून गेला होता. एवढीच चूक. तेवढ्यात ताई आली, खुर्चीत बसली, मांडीवर पर्स ठेवली, आणि त्यानं "हं, वाच" म्हणताच सुरुवात केली… ग. ट, म. र, प, न, ल… ठणठणीत आवाजात, एकही अक्षर न चुकता, सहाव्या ओळीपर्यंत. समोर छत्री. समोर चेंडू. शेवटच्या 'र'च्या जागी एक इवलंसं बदक.

हा मागं उभा होता, आणि पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं. ताई एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, एकतीस वर्षं. पानभर मजकूर एकदा नजरेखालून गेला की तिच्या डोक्यात बसायचा. तिला सहा ओळी पाठ करायला कितीसा वेळ? ती मान वळवून विचारत होती, "काय रे, कसं आहे?" आणि हा खडूस माणूस, तेहतीस वर्षांत कोणाला न फसलेला, म्हणाला होता, "छान. काही फरक नाही."

छान!

चिमण्यांचं काय घेऊन बसलास, त्यानं स्वतःला विचारलं. सुरुवात तिथून झाली. तिथं 'छान' म्हटलं नसतं तर इथं 'आला होता' म्हणावं लागलं नसतं. एक खोटं सांभाळायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, आणि हे सगळं माझ्या भित्रेपणाचं लटांबर त्या मूठभर पाखरांच्या जिवावर… नाही. आता नाही. त्यानं दिवा मालवला, दुकानाला कुलूप लावलं. दुपारचे चार वाजले होते. तेहतीस वर्षांत दुकान इतक्या लवकर बंद झालं नव्हतं. शेजारच्या शिंप्यानं "बरं नाही का?" म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "बरं आहे. घरी काम आहे."

जिना चढतानाच कलकलाट ऐकू आला. दार उघडून तो थेट गॅलरीत गेला. कठड्यावर स्टीलची ताटली, तीत दाण्यांचा ढीग, ढिगावर पंधरा-वीस चिमण्या, आणि हातभर अंतरावर वेताच्या खुर्चीत ताई, हनुवटी वर करून, कान देऊन बसलेली.

"आलास? इतक्या लवकर?" ती म्हणाली. "अरे, बशी कुठं ठेवलीस? सगळं घर पालथं घातलं. शेवटी ताटली ठेवली. बिचाऱ्या सकाळपासून ताटकळल्या होत्या."

चिमण्या भुर्रकन उडाल्या. एक उडाली नाही. ताटलीच्या मधोमध, दाण्यांवरच, गोळा होऊन बसली होती. तिच्या डोळ्याला पापुद्रा आला होता. ताईनं हात लांबवला असता तर तिला लागला असता.

त्यानं ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि तिरकी केली; ती चिमणी कशीबशी फडफडत समोरच्या झाडापर्यंत गेली. दाणे त्यानं डब्यात ओतले, झाकण दाबून बसवलं, ताटली आत मोरीत नेऊन ठेवली, हात धुतले. मग परत येऊन तो ताईच्या समोर, कठड्याला पाठ लावून उभा राहिला.

"काय चाललंय काय तुझं?"

"ताई, त्या आजारी आहेत. एका भांड्यात खातात म्हणून एकीचं दुसरीला लागतंय. आपल्याच भांड्यातून. दीड महिना दाणे बंद करायचे."

"किती?"

"दीड महिना."

"किती मेल्या ते विचारतेय मी."

"पाच."

ताईची नजर त्याच्या खांद्यापलीकडं कुठंतरी होती. तशी ती नेहमीच असायची हल्ली, त्याला कडेनं पकडायला. "मास्तर?"

जिभेवर 'आला होता' तयारच होतं, सवयीनं. त्यानं ते गिळलं. "सकाळी गेला. कोरफडीच्या कुंडीत पुरलाय."

"आणि हे तुला कधीपासून ठाऊक?"

"मेलेल्या दिसतायत पंधरा दिवस. बंद करा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, त्याला आठ दिवस झाले."

"आठ दिवस!" ती खुर्चीत ताठ झाली. "आठ दिवस तू बघत होतास, आणि मी आपली ओंजळी भरभरून घालतेय. लाडानं! माझ्या हातानं मारवलंस की रे त्यांना." आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "छापखान्यात एखादी चूक नजरेतून सुटली तर माफी असायची. दिसली आणि तशीच पुढं जाऊ दिली, त्याला नाही. का नाही सांगितलंस मला?"

"तुला दिसत नाही, हे सांगावं लागलं असतं."

"मला दिसतं. गेल्याच महिन्यात तू स्वतः तक्ता वाचून घेतलास माझ्याकडून. सहाव्या ओळीपर्यंत…"

"तक्ता उलटा होता, ताई."

"म्हणजे?"

"मुलांची बाजू होती. छत्री होती, चेंडू होता. शेवटी तू 'र' म्हणालीस ना, तिथं बदक होतं."

ताईचं तोंड उघडं राहिलं. "बदक?" ती म्हणाली, आणि मग तिला हसू फुटलं. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मी बदकाला 'र' म्हटलं! आणि तू… तू काय म्हणालास? छान!" त्यालाही हसू येत होतं. मग ती हसायची थांबली. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "चार वर्षं झाली पाठ करून. मला वाटायचं, कळलं तर तू गॅसपाशी जाऊ देणार नाहीस. जिन्यात हात धरशील."

"धरला असता."

"म्हणूनच."

ती उठली. कठडा चाचपत कुंडीपाशी गेली, वाकली, आणि ओली माती बोटांनी हळूहळू दाबत राहिली. सकाळी घाईत त्यानं ती नीट बसवली नव्हती. तो मदतीला गेला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांचं काढायचं होतं, गॅसचं काढायचं होतं, आणि हे सगळं आता निघणारच, एकेक करून, भांडणं होऊन. तरी भीती वाटत नव्हती, याची त्याला गंमत वाटली. ती माफ करेल की नाही, हेही ठाऊक नव्हतं.

"उद्या सकाळी बोंबलतील," ताई मातीकडं तोंड करूनच म्हणाली.

"बोंबलू देत."

"मला ऐकवायचं नाही."

"मलाही नाही. पण दाणे पडणार नाहीत."

एवढ्यात कठड्यावर, ताटली होती त्याच जागी, टपकन काहीतरी येऊन बसलं. ताईनं मान वर केली. हात मातीतच होते. "कोण आहे रे?" तिनं विचारलं, आणि तिचा आवाज रोजच्यासारखा नव्हता, तपासायच्या खुर्चीतून कोणी 'कसे आहेत डोळे?' विचारावं, तसा होता.

त्याला उत्तराची घाई झाली नाही. उन्हं उतरली होती, पण उजेड पुरेसा होता. तो एक पाऊल पुढं झाला, चष्मा नीट केला, आणि त्या पाखराच्या डोळ्याकडं, आधी एका मग दुसऱ्या, जे असेल ते सांगायचं या तयारीनं बघू लागला.