हरणाऱ्याची बाजू

मिरजगावात राधाकृष्णशेठच्या कृषी सेवा केंद्रापुढं रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडतात, आणि तिथं एक नियम आहे. बघ्यांनी तोंड उघडायचं नाही. पण ज्याचा डाव हरायला लागला, त्याला कुणीही सल्ला द्यावा. नियम कुणी केला ते कुणाला आठवत नाही. पट शेठचा, बसायला खताच्या रिकाम्या गोण्या त्याही शेठच्या, चहा शेठच्या दुकानातला. तेव्हा नियम तरी आपला असावा, असं गावाला वाटलं असणार.

शेठ नगरला कॉलेजात असताना खेळ शिकले. समोर बसतो अलीम, मागच्या गल्लीत गाद्या भरणारा. शेठ बहुतेक रोज जिंकतात, अलीम बहुतेक रोज हरतो, आणि माणसं सगळी अलीमच्या पाठीशी.

पाठीशी म्हणजे अगदी पाठीला लागून. अलीमचा वजीर गेला की आदिनाथ टेम्पोवाला त्याच्या खांद्यावरून वाकतो, बाकीचे गोण्या ओढत त्याच्याकडं सरकतात. बियाणं न्यायला आलेल्या झुंबरबाईला घोडा कुठला नि उंट कुठला कळत नाही, तीही म्हणते, "आरं, त्या बारक्याला फुडं घाल की! कवाचा निसता हुबा हाय."

अलीम लगेच प्यादं पुढं घालतो. "घातला बघा, मावशी. आता त्याचं बरंवाईट तुमच्याकडं."

डाव हातचा जायला लागला की एकेकाची तऱ्हा दिसते. कुणी चिडतो, कुणाला घरचं काम आठवतं, कुणाचा हात चुकून लागतो आणि पट उधळतो. अलीमला मात्र हरणं साधलंय. मेलेलं मोहरं शेठच्या हातात देताना म्हणणार, "जपून ठेवा, नवं हाय." राजा एकटा उरला तरी त्याला पटभर हिंडवून आणणार. शेवटी मात शेठ करतात, टाळ्या अलीमला पडतात. शेठच्या वाट्याला एकच वाक्य येतं, "त्यांचं काय, ते जिंकनारच." ते ऐकलं की शेठ चहाचा कप जरा आवाज करूनच खाली ठेवतात.

त्यात घरीही तेच. एका रात्री जेवताना बायकोनं, सत्यशीलावहिनींनी, विचारलं, "आज अलीमभाई किती वेळ टिकले?"

"मी जिंकलो," शेठ म्हणाले.

"ते झालंच हो. पण ते वाचत कसे होते?"

अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली. वहिनींनीच नंतर सांगितलं म्हणून आम्हाला कळलं.

दुसऱ्या दिवशी शेठनी वजीर उचलला आणि सरळ अलीमच्या हत्तीपुढं ठेवला. मनात हिशोब पक्का होता. डाव हरायला आणायचा. लोक आपल्या बाजूला आले, की हळूच घोडा काढायचा. त्या घोड्यानं शहावर शह देऊन डाव बरोबरीत सोडवायचा, आणि टाळ्या एकदा तरी आपल्याला.

"अलीम, हात लावू नगं!" आदिनाथ ओरडला. "शेठ कॅलेंडरसुदिक फुकट देत न्हाईत, वजीर देतील व्हय?"

अलीमनं वजीर घेतला. शेठनी आपला एक हत्तीही जाऊ दिला आणि तो अलीमच्या हातात ठेवत म्हणाले, "जपून ठेवा, नवा आहे."

कुणी हसलं नाही. अलीमनं हत्ती फिरवून पाहिला. "न्हाई शेठ, ह्याची कड उडालीय." त्यावर मात्र सगळे हसले.

गोण्या अलीमच्याच आणखी जवळ सरकल्या. शेठना राहवेना. "नियम काय आपला? हरणाऱ्याला सांगायचं ना? मग हरतोय कोण?"

"तुमी आमची फिरकी घेताय," आदिनाथ म्हणाला.

अलीम मात्र पटाकडं बघत राहिला. "न्हाई रे. शेठ खरंच हरत्यात." तो उठला, वळसा घालून शेठच्या शेजारी येऊन बसला. त्याच्यामागं आदिनाथ आला, त्याच्यामागं गोण्या आल्या. पलीकडची बाजू ओस पडली. आदिनाथचा हात एकदाचा शेठच्या खांद्यावर पडला. पण वाकून तो बघत होता अलीमकडं.

"शेठ, घोडा उचला," अलीम म्हणाला. "हितं द्या शह. माझा राजा कोपऱ्यात जाईल, दुसरं घरच न्हाई त्याला. मग परत मागं, परत शह. मी सुटत न्हाई, तुमी हरत न्हाई."

"वाचिवलं!" आदिनाथनं टाळी वाजवली. "अलीमनं शेठला वाचिवलं!"

"ती चाल मला आधीच दिसली होती," शेठ म्हणाले. "वजीर दिला तेव्हाच."

"व्हय, व्हय," आदिनाथनं खांदा थोपटला.

ते थोपटणं शेठना सोसलं नाही. त्यांनी घोडा उचलला आणि शह द्यायचं सोडून भलत्याच घरात आपटला.

"शेठ, परत घ्या ती चाल," अलीम हळूच म्हणाला.

"घेत नाही. जा तुझ्या जागेवर."

अलीम गेला. लोक मात्र होते तिथंच राहिले, कारण आता शेठ खरेखुरे बुडाले होते, त्यात शंकाच नव्हती. सगळे एकदम बोलायला लागले. राजा हिकडं घ्या, उंट आडवा घाला, लई घाई केली शेठ, असं व्हतं कवा कवा. शेठना जे हवं होतं ते सगळं कानाशी येऊन ठेपलं.

"कळतं मला!" शेठ ओरडले. "तोंडं बंद ठेवा!"

आदिनाथनं हात काढून घेतला. एक गोणी सरकली, मग दुसरी, आणि सगळी मंडळी मुकाट्यानं पलीकडं जाऊन बसली.

"या, बसा," अलीम म्हणाला. "आता मला जिंकायला कोन शिकवतंय? आपल्याला तर सवय न्हाई."

दुकानापुढं हशा उसळला. पैजेवर सांगतो, शेठही हसले असते. पण असं वाक्य ह्याला सुचतं आणि आपल्याला का नाही, याच जळजळीत ते राजा हलवून बसले. मात त्यांना दिसलीच नाही.