तिसऱ्या मजल्यावरची सही

मित्रांनो, मी एका कॉलेजातली जुनी लिफ्ट आहे. माझा सूर गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. वीस वर्षं माझ्या तोंडाला कुलूप आहे. तुमच्या असतं तर तुम्हीही गोड बोलला नसतात.

नवी आले तेव्हा काय थाट होता माझा! आठ माणसं एका दमात वर न्यायची मी. आत लख्ख आरसा होता, बटणांवर अंधांना वाचता येतील असे उठावाचे ठिपके होते. ज्या मुलांना जिने चढता येत नाहीत त्यांच्यासाठी ही सोय, असं उद्घाटनाला पाहुणे म्हणाले. मीही खुळी, खरं मानलं. पुढच्याच महिन्यात पोरं उगाच वरखाली करतात म्हणून मला कुलूप लागलं आणि चावी हेडक्लार्कच्या खणात गेली. पाहुणे, प्राध्यापक, मोडक्या खुर्च्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, यांना ती लगेच मिळे. विद्यार्थ्याला मात्र दर वेळी अर्ज, आणि अर्जावर उपप्राचार्यांची सही. उपप्राचार्य बसतात कुठे? तिसऱ्या मजल्यावर. आता बोला. एवढी शिकली-सवरलेली माणसं, पण वीस वर्षांत एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

संख्याशास्त्र शिकणारी एक मुलगी व्हीलचेअरवरून यायची. वर्गात तिला सगळे आकडेवाली म्हणत. तिचा अर्ज घेऊन मैत्रीण वर पळायची, सही आणायची, तोवर अर्धा तास संपलेला असे. पुराचा अंदाज बांधणारी एक कंपनी आहे, तिथंच काम करायचं, हे तिनं पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. माझ्यातून वर जाताना मैत्रिणीला तेच तेच सांगून तिनं माझेही कान किटवले होते.

करिअर मार्गदर्शनाचे सरही वरच बसायचे. त्यांनी तिला एकदाही बोलावलं नाही. एकदा माझ्या दाराशी तिचे वडील भेटले, कपडे शिवणारा साधा माणूस. त्यांच्याशीच दोन मिनिटं बोलून सरांनी तिच्या करिअरच्या आराखड्यात लिहून टाकलं, घरबसल्या टायपिंग. पोरीची दगदग नको, म्हणाले. वडिलांनीही मान डोलावली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जिचं आयुष्य, तिला पत्ताच नाही.

शेवटच्या वर्षी नेमकी तीच कंपनी मुलाखतींना आली. तिनं नाव दिलं होतं, साडेअकराची वेळ होती. त्या दिवशी तिनं अर्जबिर्ज काही केला नाही. सरळ येऊन माझ्या दाराशी थांबली. मैत्रीण म्हणाली, चौघांना बोलावते, खुर्चीसकट उचलून नेऊ. तर म्हणते कशी, मी काय कपाट आहे? सव्वाअकरा झाले. वेळ चुकली तर नोकरी गेली, हे तिलाही कळत होतं. तेवढ्यात कंपनीच्या दोन बाई आल्या, सोबत सर. पाहुण्या दिसल्याबरोबर हेडक्लार्क चावी घेऊन धावला. कुलूप निघालं आणि सगळ्यांच्या आधी ही आत.

"अगं, तुझं नाव काढलंय मी यादीतून," सर हळूच म्हणाले. "तुला त्रास नको म्हणून."

ती त्यांच्याशी बोललीच नाही. पाहुण्यांना म्हणाली, "मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. टेबलाखाली खुर्ची जाईल एवढी जागा हवी, बाकी काही नको, असं."

"मिळालं की," त्यातल्या मोठ्या बाई म्हणाल्या. "तसं टेबल मांडायला कळवलंही होतं. सर, यांचं नाव का काढलंत?"

सरांनी घाईघाईनं माझं वरच्या मजल्याचं बटण दाबलं.

मुलाखतीच्या खोलीपर्यंत माझे कान पोचत नाहीत. दुपारी ती खाली यायला निघाली तेव्हा सर सोबत होते आणि भलतेच खुशीत होते. तिची निवड झाली होती. खाली छान फोटो काढू, कॉलेजनं कशी संधी दिली ते फलकावर लावू, म्हणाले. ऐकलंत? चोर तो चोर, वर शिरजोर.

"काढू की," ती म्हणाली. "पण माझ्यासारखी आणखी किती नावं काढलीत?"

तळमजला आला, माझं दार उघडलं. ती दारातच आडवी थांबली. मला दार मिटता येईना आणि सरांना बाहेर पडता येईना. शेवटी त्यांनी सांगितलं, तीन. एक अंध मुलगा, एक कर्णबधिर मुलगी, एक कुबड्यांवर चालणारा मुलगा. घरच्यांना विचारलं होतं, म्हणाले.

"त्यांना विचारलं होतं?"

"नाही."

"मग आत्ता विचारा. पाहुण्या चारपर्यंत आहेत."

सरांनी माझ्यात उभं राहूनच फोन लावले, मुलीला मेसेज केला. अंध मुलानं एवढंच विचारलं, कितव्या मजल्यावर येऊ? ती मुलगीही तासाभरात पोचली. कुबड्यांवरचा मुलगा मात्र आदल्या दिवशीच मावशीच्या गावाला गेला होता. मुलाखती आहेत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. चार वाजले, पाहुण्या माझ्यातूनच खाली उतरल्या आणि निघून गेल्या.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, तेलपाणीही करू नका. सोमवारी तो मुलगा येईल. त्याला काय सांगायचं, ते आधी मला सांगा.