उतारावर चालवू का नको

रोहिदासचं पत्र आलं तेव्हा पावसाळा संपत आला होता. मी त्याला उत्तर दिलं नाही. दिवाळी होऊन गेली तरी दिलं नाही.

पत्रात प्रश्न एकच होता. वेल्ह्याच्या वर डोंगरात त्यांची धनगरवस्ती. वडिलांची जुनी डिझेल जीप ते गेल्यापासून गोठ्याशेजारी उभी होती. आता वस्तीपर्यंत कच्चा रस्ता झाला होता, पण एसटी काही वर येत नव्हती. साप्ताहिकातले माझे लेख वाचून त्याने इंजिन चालू केलं होतं. वस्तीतल्या माणसांना खाली वेल्ह्याला नेण्या-आणण्याचा त्याचा विचार होता. शेवटी लिहिलं होतं, "बाकी काही नको. फक्त एवढं सांगा, ही गाडी उतारावर चालवू का नको?"

मी भोरच्या एका वाचनालयातून निवृत्त झालेला माणूस. भंगारात निघालेली एक फियाट घेतली आणि पुस्तकं उघडी ठेवून, बरीच वर्षं घालवून ती उभी केली. ते कळल्यावर इथल्या साप्ताहिकाच्या संपादकांनी जुन्या गाड्यांच्या निगेवर माझ्याकडून काही लेख लिहून घेतले. खूप दिवस उभ्या असलेल्या गाडीला एकदम स्टार्टर मारू नका, आधी इंजिन हाताने फिरतं का बघा. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका, तळाशी पाणी साचलेलं असतं. वायरी तपासा, उंदीर कुरतडतात. माझ्या फियाटच्या एअर फिल्टरमध्ये उंदराने घरटं केलं होतं, तेही माझ्याच एका लेखाच्या कच्च्या कागदांचं. माझ्या लेखनाचा तेवढा मनापासून उपयोग दुसऱ्या कुणी केल्याचं मला ठाऊक नव्हतं.

घाटाबद्दल मात्र मी एक ओळही लिहिली नव्हती. स्वतः मी सपाट रस्त्यावरच्या सारोळ्याच्या पुलापलीकडे कधी गाडी नेली नाही. आता कुणीतरी माझे शब्द वाचून माणसं भरणार आणि दरीच्या कडेने खाली उतरणार. "हो" लिहावं तर हात थांबायचा. "नको" लिहावं तर त्या माणसांनी माझ्या भित्रेपणापायी जन्मभर पायी उतरायचं का, असं वाटायचं. पत्र मी चहाच्या डब्याखाली ठेवलं.

"बाबा," सून साधना एकदा म्हणाली, "उत्तर नसेल द्यायचं तर ते तिथून काढा तरी. रोज चहा करताना तो माणूस माझ्याकडे बघतोय असं वाटतं."

मग रोहिदासनेच संपादकांकडून माझा नंबर मिळवला. "त्यो मास्तर जिवंत हाय का, असं इचारलं म्या आधी," तो फोनवर म्हणाला. "आमच्या वस्तीवर रेंज न्हाई, वेल्ह्यातनं बोलतोय. पत्र मिळालं न्हवं?"

"मिळालं."

"मग?"

मी घाईने म्हणालो, "मी येऊन बघतो." सांगण्यापेक्षा जाणं सोपं वाटलं मला.

नसरापूरला गाडी बदलून वेल्ह्याला उतरलो. रोहिदास मोटरसायकल घेऊन आला होता, तिशीचा, हसतमुख. वर जाताना रस्ता पाहिला. एका हाताला कापलेला डोंगर, दुसऱ्या हाताला काहीच नाही. कठडा नाही, दगड नाही, थेट खाली भाताची वाळलेली खाचरं. मी डोळे त्याच्या शर्टाच्या शिवणीवर ठेवले.

"भ्या वाटतंय का मास्तर?"

"नाही."

"मग माझं बखोट जरा सोडा की. हात बधिर झाला."

जीपमध्ये कोंबड्या बसत होत्या. रोहिदासच्या आईने, बाळाबाईंनी, त्यांना हाकललं आणि पदराने सीट पुसून मला दाखवली. "मालक हितं बसायचे," त्या म्हणाल्या. उंच, काटक बाई. जन्म बैलगाडीच्या घरात गेलेला, जीपशीही त्या बैलाशी बोलल्यासारखं बोलत.

दोन दिवस आम्ही काम केलं. ब्रेकचे रबर वाळून कडक झाले होते, ते मी भोरहून नवे नेले होते. नवं ब्रेक ऑइल भरलं, पाइपांतली हवा काढली. हँडब्रेक गंजून बसला होता. "हँडब्रेक कोन वापरतंय? चाकाखाली धोंडा लावला की झालं," रोहिदास म्हणत होता. मी ऐकलं नाही. धैर्य म्हणून नव्हे. मला भीती वाटते तेव्हा मी पुस्तकातलं एकही पान गाळत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीपुढच्या सपाटीवर गाडी चालवून पाहिली. ब्रेक चांगले लागले, पण चाकं कुरकुरत होती. म्हणून चारही चाकं उतरवून ड्रम काढले, आतल्या पट्ट्या घासून बसवायला घेतल्या. हे थोडं सांगायला हवं. ड्रमच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या असतात. पेडल दाबलं की त्या फाकतात, ड्रमला घासतात आणि चाक थांबतं. घासणं हेच त्यांचं काम. ते होईतो अंधार पडला, ड्रम उघडेच ठेवून आम्ही जेवायला बसलो.

सकाळी मी बाहेर आलो तर रोहिदासने पहाटेच्या अंधारातच ड्रम आणि चाकं बसवून गाडी तयार ठेवली होती. वस्ती जमली होती. मी पेडल दाबून पाहिलं. घट्ट लागलं. पुन्हा एकदा सपाटीवर चालवून थांबवून बघू, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात वस्तीतले सगळ्यांत म्हातारे आबा म्हणाले, "मास्तर, कालच तपासली न्हवं? का गाडीचं लगीन जमवताय, सारखं सारखं बघायला?" सगळे हसले. मी पेडलवरून पाय काढला.

पहिली खेप रिकामी न्यायची असं ठरलं होतं. पण बाळाबाई मागे चढून बसल्या. "मालकांच्या गाडीत म्या पयली बसनार." त्यांना उतरा म्हणणं मला जमलं नाही. रोहिदास चालवायला, मी त्याच्या शेजारी.

पहिल्या वळणापर्यंत गाडी पहिल्या गिअरमध्ये चालली. इंजिन फार ओरडतंय म्हणून रोहिदासने दुसरा टाकला. उतार वाढला. त्याने ब्रेक दाबला. मी त्याच्या पायाकडे बघत होतो. पाय पूर्ण दाबलेला होता, आणि गाडी तशीच जात होती.

"मास्तर," तो हळू आवाजात म्हणाला. आईला ऐकू जाऊ नये म्हणून असेल. "लागंना."

मला आठवतं ते असं: डाव्या बाजूला माझ्या दाराखालून जमीन निघून गेल्यासारखी दिसली. पुढच्या वळणाला रस्ता संपल्यासारखाच दिसत होता. त्याच्या पलीकडे नुसती हवा. रोहिदासने पहिला गिअर टाकायचा प्रयत्न केला. चालत्या गाडीत तो पडेना, गिअरचे दात करकरले, आणि आता दुसराही सुटला. गाडी मोकळी झाली. मागून बाळाबाई म्हणाल्या, "आता कशी पळतीया बघ!" त्या खूश होत्या.

"दुसरा टाक, दुसरा!" हा आवाज माझा होता हे मला नंतर कळलं. मी दोन्ही हातांनी हँडब्रेकचा दांडा धरला आणि ओढला. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, मधल्या शाफ्टवर वेगळा ड्रम असतो. सगळी गाडी थरथरली, खालून कुणीतरी हातोडे मारतंय तशी. वेग कमी झाला, पण संपला नाही. वळण समोर आलं.

"डोंगराला घाल!"

रोहिदासने स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं. पत्रा मुरमाला घासत गेला, माती आत आली, चाक चरीत उतरलं आणि गाडी कलती होऊन थांबली.

इंजिन बंद पडलं. कुठेतरी खाली शेळ्या ओरडत होत्या. रोहिदास उतरला, आईला खाली घेतलं, तिचं कोपर खरचटलं होतं तेवढं बघितलं आणि मग रस्त्यातच मटकन बसला. माझे हात दांड्यावरून सुटेनात. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

तेलकट, जळका वास येत होता. थोडं निवल्यावर आम्ही पुढचं एक चाक काढलं. ड्रम उघडला. आतल्या पट्ट्या काळ्या चकचकीत होत्या, बोट लावलं तर घसरत होतं. दुसरं चाक, तेच.

"ह्ये कुनी लावलं?" रोहिदास ओरडला.

"म्याच की," बाळाबाई म्हणाल्या. "राती लावलं. काल चाकं कन्हत व्हती. आत बघितलं तर सगळं कोरडं ठणठणीत. बैलगाडीच्या आखाला लावतो तसं वंगण लावलं. तुझ्या बापानं कवा कोरड्या चाकानं गाडी जुंपली न्हाई." बोलता बोलता त्यांनी आमच्या दोघांची तोंडं पाहिली. मग ड्रमकडे, मग वळणाकडे पाहिलं. पदर तोंडात धरून त्या चरीच्या कडेला बसल्या आणि मुलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मी त्यांच्याजवळ बसलो. चाकाच्या मधोमध असलेलं बेअरिंग दाखवलं. "वंगण इथं लागतंच, बाळाबाई. ते मीही द्यायला हवं होतं. तुमची रीत बरोबर आहे, जागा तेवढी वेगळी."

त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

माझ्या मनात मात्र पेडलच होतं. सकाळी ते घट्ट लागलं होतं. पेडल घट्ट लागणं म्हणजे चाक थांबणं नव्हे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. एकदा सपाटीवर गाडी थांबवून पाहिली असती तर तिथेच कळलं असतं. लोक हसले म्हणून मी पाहिली नाही.

वस्तीतल्या माणसांनी गाडी चरीतून ओढून वर नेली. वंगण प्यायलेल्या पट्ट्या धुऊन निघत नाहीत. मी भोरला परतलो, नव्या पट्ट्या घेतल्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वर गेलो. जाताना एसटीत सारखं वाटत होतं, नसरापूरला उतरावं आणि परत फिरावं. ड्रम आतून धुतले, पट्ट्या बसवल्या, बेअरिंगला वंगण बाळाबाईंच्या हातून भरून घेतलं. सपाटीवर गाडी इतक्या वेळा थांबवली की मुलंसुद्धा कंटाळून निघून गेली. मग रिकामी जीप पहिल्या गिअरमध्ये खाली नेली, वर आणली, मग धान्याची पोती भरून पुन्हा नेली. प्रत्येक वेळी मी आत होतो. प्रत्येक वेळी त्या वळणावर माझे डोळे मिटले. गाडी प्रत्येक वेळी थांबली.

तरी वस्तीतलं कुणी बसेना. रोहिदासने विनवण्या केल्या. आबा काठी टेकून म्हणाले, "मास्तर, तुमी तोंडानं चालवा म्हनता. तोंडाचं वारं हितं डोंगरात लई असतंय. पोरानं पत्रात इचारलं व्हतं न्हवं? मग पत्रातच लिवून द्या. खाली नाव घाला. ते वाचून आमी बसू."

"आनि तुमी तर दोन महिने लिवलंच न्हाई," रोहिदास हसत म्हणाला. पण डोळे हसत नव्हते.

घरी येऊन मी लिहायला बसलो. अनेक कागद फाडले. "माझ्या अल्प माहितीप्रमाणे" असं लिहिलं आणि खोडलं. "शक्यतो" लिहिलं, तेही खोडलं. ज्या शब्दांमागे मला लपता आलं असतं ते सगळे एकेक करून काढले, तेव्हा फार थोडं उरलं.

"रोहिदास, गाडी उतारावर चालवा. वरून निघतानाच पहिला गिअर टाका आणि खाली पोचेपर्यंत बदलू नका. चाक कुठल्याही कारणाने उघडलं तर माणसं बसवण्याआधी सपाटीवर गाडी चालवून थांबवून बघा, काल बघितली असली तरी आणि कुणी हसलं तरी. हँडब्रेक दर महिन्याला तपासा. गाडी मी पाहिली आहे, तीत बसून उतरलो आहे. आबांना आणि सगळ्यांना हे वाचून दाखवा." खाली पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला.

पोस्टाच्या पेटीपाशी बराच वेळ उभा राहिलो. पत्र पेटीच्या तोंडात अर्धं सरकवलेलं, हात तसाच. तो वळणावरचा उतार डोळ्यांपुढे येत होता, आणि मागच्या सीटवर, माझं नाव वाचून बसलेली माणसं. मागे एक बाई पाकीट घेऊन थांबली होती. "आजोबा, टाकताय ना?"

"हो," मी म्हणालो, आणि हात सोडला.