पापणीच्या आतला रंग

उठल्याउठल्या मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजायचे आणि वहीत लिहायचे, हा मोहिनीचा जूनपासूनचा नेम. जूनमध्ये अठ्ठ्याहत्तर, सप्टेंबरात चोपन्न! धर्मापुरीच्या शाळेत एवढं निवांत काळीज कुणाचंच नव्हतं, आणि ही गावभर सांगत सुटलेली.

पळण्याचा सराव घेणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमनी फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं, "रोज पळालं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, आणि पायाचे स्नायू त्या रक्तातला ऑक्सिजन जास्त ओढून घेतात. मग कमी ठोक्यांत भागतं."

दिवाळीनंतर मात्र आकडा उलटा फिरला. साठ. सहासष्ट. चौऱ्याहत्तर. देवळामागच्या ज्या चढावर ती गाणं म्हणत पळायची, तिथं डोळ्यांपुढं काजवे चमकू लागले. सराव कमी पडतोय, दुसरं काय! तिनं दोन फेऱ्या वाढवल्या. रविवारी अंबाजोगाईला तीन हजार मीटरची शर्यत होती. पहिल्या दोघींत आली तर क्रीडा वसतिगृह, नाहीतर आहेच मेंढरांमागं.

शुक्रवारी ती पळून आली तेव्हा तिचे वडील, धुळाजी, मेंढरं तपासत होते. कळप लांबच्या रानात न्यायचा होता. एकेक मेंढरू गुडघ्यांत धरायचं, खालची पापणी ओढायची. आतून लाल असली तर उजवीकडं, चालायला. पांढरी असली तर डावीकडं, घरी. रक्त आटलेलं मेंढरू वाटेत टिकत नाही.

"आप्पा, आज लई दम लागला बघा!"

लोकरीचा वास येणाऱ्या अंगठ्यानं धुळाजींनी तिची पापणी खाली ओढली. मग दुसरी.

"मी काय मेंढरू हाय का?" मोहिनी हसली.

ते हसले नाहीत. सवयीनं त्यांचा हात तिच्या खांद्यावर गेला आणि त्यांनी तिला सारलं. डावीकडं.

तिथं तीन मेंढ्या माना टाकून उभ्या होत्या.

"परवा माझी शर्यत हाय, आप्पा!"

"चंद्री बी चालतच होती, पोरी."

मोहिनीची नजर त्या तीन मेंढ्यांवर गेली. गेल्या साली पांढऱ्या पापणीच्या चंद्री मेंढीला तिनंच हट्टानं उजवीकडं ढकललं होतं. केजच्या वाटेवर ती चालता चालता बसली, ती उठलीच नाही.

रात्री फळ्यावरचं चित्र आठवलं. हृदय ढकलणार, स्नायू ओढणार. पण मधलं रक्तच नसेल, तर ऑक्सिजन जाणार कशातून? आणि ती तर फेऱ्या वाढवत होती!

शनिवारी मॅडमनी छातीवर लावायचा नंबर पुढं केला. सतरा. जुनी मोहिनी असती तर मुकाट्यानं घेतला असता.

"मॅडम, आधी हे बघा." तिनं पापणी ओढली.

"अगं, हे मेंढरांचं..." मॅडम हसतच वाकल्या. हसू अर्ध्यावर राहिलं. "बसल्या जागी पण दम लागतो?"

"आता लागतोय."

नंबर टेबलावर ठेवून मॅडमनी दवाखान्यात फोन लावला. बाहेर मैदानावर सरावाची शिट्टी वाजली, पोरी सुटल्या. मोहिनी जागची हलली नव्हती. पळत होते ते फक्त तिचे ठोके.