डोकं टेकवायला कोण जाणार

कुसाकाबेने गावातली बस एकतीस वर्षं चालवली आणि कधी साधं मांजरही चाकाखाली येऊ दिलं नाही. मग नवा कायदा आला. बस आपली आपण धावू लागली आणि त्याला एका खोलीत पडद्यांसमोर बसवलं गेलं. तीन बसवर एकट्याने लक्ष ठेवायचं. माणसाला तीन डोकी असतात, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं.

एक नंबरच्या बसखाली सापडून गावातल्या ओनिझुकाबाई गेल्या, तेव्हा तो दोन नंबरच्या दारात अडकलेली छत्री बघत होता. पोलिसांनी त्याला तासाभरात सोडलं. बसमध्ये चालक नव्हता, आणि देखरेख करणारा हा कायद्याने चालक नव्हे. यंत्रातही बिघाड निघाला नाही. सगळेच सुटले.

कुसाकाबेला मात्र हे पटेना. अपघात झाला की चालवणाऱ्याने काळा सूट घालून, मिठाईचा खोका घेऊन त्या घरी जायचं आणि चटईवर डोकं टेकायचं, एवढं त्याला ठाऊक होतं.

कंपनीच्या वकिलाने फोनवर बजावलं, "जाऊ नका हं. वाकलात की चूक कबूल केल्यासारखं होईल."

"मग जाणार कोण?"

"कुणीच नाही. आता त्याची गरज नाही."

विसाव्या दिवशी तो गेलाच. बाईंचे यजमान तामेओ यांनी दार उघडलं. म्हातारा निम्मा झाला होता. कुसाकाबे बाईंच्या फोटोसमोर गेला आणि त्याने कपाळ चटईला टेकवलं.

"तुम्ही चालवत होता?" तामेओंनी विचारलं.

"नाही. मी पडद्यावर... दुसऱ्या बसकडे बघत होतो."

"मग उठा. तुमचं वाकणं माझ्या काय कामाचं? वीस दिवस रोज चहाचं पाणी ठेवतोय मी. चालवणारा येईल, त्याला फाडून खाईन म्हणून. पोलीस, विमेवाले सगळे येतात, कागद देतात, वाईट झालं म्हणतात. रागवू कुणावर? त्या पत्र्यावर?"

खोका त्यांनी परत सरकवला. कुसाकाबे उठला नाही. वकिलाचं बोलणं त्याला आठवलं, पेन्शनही आठवली.

"मी चालवत होतो," तो चटईकडे बघत म्हणाला.

मग म्हाताऱ्याची मूठ त्याच्या पाठीत बसली.

"डोळे फुटले होते का रे तुझे? मुळ्याची भाजी घेऊन येत होती ती! माझ्यासाठी! पन्नास वर्षं तोच रस्ता ओलांडायची, कळतंय का तुला?"

"चूक झाली. माफ करा."

"नाही करणार!"

हात दुखेपर्यंत ते मारत राहिले आणि मोठमोठ्याने रडले. कुसाकाबेने डोकं वर केलं नाही. बऱ्याच वेळाने तामेओंनी नाक पुसलं, मिठाईचा खोका उचलून फोटोपुढे ठेवला आणि चहा ओतला.

"रीतीप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवशी तिच्या अस्थी पुरायच्यात," ते म्हणाले. "तेव्हाही ये. त्या दिवशी मला पुन्हा कुणीतरी लागेल."