पुडीवाल्या महाराजांचा कोप

पणजी सुईण, आजी परिचारिका, आई औषधांच्या दुकानाची मालकीण. आणि त्या घराण्यातली चौथी म्हणजे इस्पितळाच्या मेडिसिन वॉर्डातली डॉक्टर. तिचीच सख्खी मावशी गुडघेदुखीपायी, दुखण्यांवर औषधाच्या पुड्या वाटणाऱ्या पुडीवाल्या महाराजांच्या रांगेत उभी राहिली होती. डॉक्टर हसेल, म्हणून घरच्यांनी तिच्यापासून ते लपवले.

महाराजांच्या अंगणात माणसे काठ्या टाकून चालत. "यंत्रं खोटं बोलतील, माझी पुडी नाही! सोडाल तर आडवे व्हाल!" अशी त्यांची गर्जना असे. आणि सोडणारे खरोखरच आडवे होत. भक्तांना आणखी काय हवे?

आता मावशीच वॉर्डात आडवी होती. रक्तदाब तळाला गेलेला, शुद्ध हरपत चाललेली. दाराशी जमलेल्या शेजारणी कुजबुजत होत्या, "कोप झाला!"

मावसभाऊ रडकुंडीला आला होता. "ताई, मीच चिडून पुड्या मोरीत ओतल्या गं! ही नवी आणलीय. चिमूटभर दे, आई उठून बसेल."

"हिचा चेहरा असा गोल कधीपासून झाला?"

"ते महाराजांचं तेज म्हणतात."

"डोंबलाचं तेज!" तिने नर्सला इंजेक्शन भरायला सांगितले. "पुडीनं ती उठेलही. तीच तर लबाडी आहे! यात स्टेरॉइड असणार. ते शरीर स्वतः बनवतं. बाहेरून आयतं मिळालं की बनवणाऱ्या ग्रंथी झोपी जातात. तू एकदम तोडलंस, त्या जाग्याच झाल्या नाहीत."

"रिपोर्ट येऊ दे की आधी!"

"रक्त घेतलंय. पण अशा वेळी तेच स्टेरॉइड टोचायला रिपोर्टसाठी थांबायचं नाही, हेच नवं संशोधन बजावतंय. ग्रंथी झोपायला काही आठवड्यांचं स्टेरॉइडही पुरतं."

संध्याकाळी मावशीने डोळे उघडले. "मेल्यांनो, चहा तरी द्या!"

पुढे प्रयोगशाळेनेही पुडीत स्टेरॉइडच दाखवले. भाऊ उसळला, "सगळ्यांच्या पुड्या जाळतो!"

"खबरदार! गल्लीच्या गल्ली आडवी पडेल, आणि जयजयकार होईल महाराजांचा. पुडी घेणाऱ्यांना इथं आण. स्टेरॉइड मोजून देऊ, हळूहळू उतरवू."

मावशीचा चेहरा पडला. "गल्लीतल्या बायकांना रांगेत मीच नेऊन बसवलंय गं."

पायांत बळ येताच ती दारोदार फिरली. कोणी दार आपटले, कोणी शिव्या घातल्या. ती प्रत्येकीला एवढेच विचारी, "पुडीत काय आहे, हे महाराजांनी कधी सांगितलं का तुला? जो सांगत नाही, त्याचं औषध घ्यायचं नाही. पण सोडायचं ते डॉक्टरांना विचारूनच."

सर्वांत शेवटी, दारातून तिला पापीण म्हणून हाकलणारी शेजारीण इस्पितळात आली, सुजल्या तोंडाने, पदराआड पुडी धरून. मावशीने स्वतः तिला खाटेवर बसवले. जितक्या जणींना तिने त्या अंगणात नेले होते, तितक्या साऱ्या आता वॉर्डात पोहोचल्या होत्या.